३.५ चं टेबल चालू ठेवायचंय? मग या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा गेम, त्याची ३.५ एडिशन आली २००३ ला, २००८ ला चौथी आली आणि ३.५ चं दुकान बंद झालं. म्हणजे आपल्या गेमला आता नवीन पुस्तक येणार नाही, आणि खरं सांगू का भो, काही बिघडत नाही, आहेत तीच वाचून व्हायची नाहीत. आपल्या जळगाव-भुसावळकडे टेबल, म्हणजे खेळणारी मंडळी, बंद पडतं ते पुस्तकांवाचून नाही पडत, पाचवी एडिशन खेळलेला नवा पोरगा एकदा येतो आणि परत येत नाही, तिथून पडायला लागतं.

सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होत असतील तर ३.० आणि ३.५ ची पुस्तकं मिसळल्यावरून. ३.० ही २००० ची, दिसायला सारखी, स्पेलची (जादूच्या मंत्रांची) नावं पण तीच, आणि तिथेच घोळ आहे. हेस्ट घ्या, वेग वाढवणारा स्पेल. ३.० मधे हेस्ट लागला की दर राउंडला एक जादा अ‍ॅक्शन मिळायची, म्हणजे विझार्ड (जादूगार) एका राउंडला दोन स्पेल टाकून मोकळा. ३.५ मधे तोच हेस्ट फुल अटॅक करणाऱ्याला फक्त एक जादा वार देतो, वर अटॅक, एसी (वार चुकवायचा आकडा) आणि रिफ्लेक्सला (झटक्यात बचाव करायचा आकडा) +१. ताकद वाढवणारा बुल्स स्ट्रेंग्थ ३.० मधे लेव्हलमागे एक तास चालायचा, ३.५ मधे लेव्हलमागे एक मिनिट. आता एकाच्या हातात सेकंड हँड ३.० चं पुस्तक आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर ३.५, दोघेही पान दाखवून भांडतायत आणि दोघेही खरे. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, स्पेल आणि फीट (पात्राच्या खास करामती) ३.५ च्या मजकुराप्रमाणेच. पाथफाइंडर हा वेगळा गेम २००९ चा, त्याच घराण्यातला आहे म्हणून तोही मधे घुसवतात, नका घुसवू.

उलट सेकंड एडिशनची जुनी अ‍ॅडव्हेंचर्स मात्र बिनधास्त वापरा, लोक थॅको (एसी ० ला वार लागायला हवा असलेला आकडा) बघून उगाच घाबरतात. तिथला एसी २० मधून वजा करायचा, एसी २ असेल तर आपला झाला १८. थॅको पण तसाच, १७ असेल तर अटॅक बोनस +३. एवढ्यावर संध्याकाळ निघते, राक्षसांचे बाकीचे आकडे ३.५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून घ्या.

आता नव्या पोराचं. पुण्याला शिकायला असतो, तिथे पाचवी खेळलेला असतो, अखाजीला घरी येतो आणि आपल्या टेबलावर बसतो. पहिल्या तासात तो विचारणार, भाऊ, शॉर्ट रेस्ट (थोडी विश्रांती घेऊन बरं होणं) घेऊ का? आणि आपला जुना गडी म्हणणार की असले लाड आमच्याकडे नाहीत, आमच्या काळी वगैरे. झालं, गेला तो पोरगा. अरे, त्याला नावं ठेवण्याऐवजी चार गोष्टी आधी सांगा ना. इथे रात्रभर झोपून लेव्हलएवढेच हिट पॉइंट (पात्राचा जीव) परत येतात, चौथ्या लेव्हलला चार, म्हणून पार्टीने (पात्रांच्या गटाने) वर्गणी काढून क्युअर लाइट वूंड्सची, जखमा भरणारी जादूची कांडी घ्यायची, ७५० सोन्याची नाणी, ५० चार्ज. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला कॅन्ट्रिप (सगळ्यात छोटे स्पेल) दिवसाला तीनच, आणि स्पेल सकाळीच ठरवायचे, मॅजिक मिसाइल दोनदा टाकायचा असेल तर दोनदा तयार करायचा. स्किलला फाशावर २० पडला म्हणजे काम झालंच असं नाही. क्रिटिकल (जबर वार) परत फासा टाकून कन्फर्म करावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शत्रूला खेटून स्पेल टाकला की फटका बसतो, एकतर पाच फूट मागे सरक नाहीतर १५ अधिक स्पेल लेव्हल एवढा कॉन्सन्ट्रेशन चेक (एकाग्रतेचा फासा) मार. हे पाचवीत नाही, त्यामुळे पोराचा विझार्ड पहिल्याच मारामारीत आडवा होतो आणि त्याला वाटतं मुद्दाम केलं.

हे सगळं एका पानावर मराठीत लिहून झेरॉक्स काढून ठेवा. मागच्या बाजूला ग्रॅपल (झटापटीचे नियम) लिहा, कारण ग्रॅपल कुणालाच पाठ नसतं, डीएमलाही (गेम चालवणाऱ्यालाही) नाही.

"पुस्तकं मिळत नाहीत" हे रडगाणं पण बंद करा आता. गेमच्या कंपनीने २००९ ला पीडीएफ विक्रीतून काढल्या होत्या हे खरं, पण २०१३ पासून त्या परत विकत मिळतात, आणि नियमांचा मोठा भाग एसआरडी (नियमांचा खुला मजकूर) म्हणून फुकट आणि कायदेशीर आहे. फक्त एसआरडीवर नवीन टेबल सुरू करणारे एका जागी अडकतात, त्यात लेव्हल वाढायचा तक्ताच नाहीये! लक्षात ठेवायला सोपं आहे, पुढच्या लेव्हलला आत्ताची लेव्हल गुणिले १००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, म्हणजे एकूण १०००, ३०००, ६०००, १०,००० असं चढत जातं. बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर हे राक्षस पण एसआरडीत सापडणार नाहीत, शोधत बसू नका.

छापील पुस्तक असेल तर मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडचा ४५ चा पारा बाइंडिंगचा गोंद सोडवतो. नकाशा फक्त लॅपटॉपवर ठेवू नका, लाइट गेली की बसा. कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पालथा करा, मागच्या पांढऱ्या बाजूवर एक इंचाचे चौकोन आखा, कॅरमच्या सोंगट्या राक्षस म्हणून. नेत्याचा चेहरा खाली जातो तो वेगळा फायदा.

गडी गळतात त्याचं पण बघा. दिवाळीनंतर कापूस, उन्हाळ्यात लग्नं, रेल्वेवाल्याची नाइट, सगळे एकत्र कधीच मिळणार नाहीत. तरी लोक सहा जण जमेपर्यंत थांबतात आणि चार महिने गेम होत नाही. तीन आले तरी खेळा. फक्त दर वेळी पार्टी गावात परत आणून थांबवा, म्हणजे पुढच्या वेळी कोण आहे कोण नाही याने अडत नाही.

शेवटची चूक डीएमची. बाराव्या-पंधराव्या लेव्हलला ३.५ ची तयारी म्हणजे दुसरी नोकरी, एका राक्षसाचे आकडे लिहिता लिहिता रविवार जातो. ई६ करून बघा, सहाव्या लेव्हलला थांबायचं आणि पुढे दर ५००० एक्सपीला एक फीट. मग दुसरं कुणीतरी पण डीएम व्हायला तयार होतं. त्याला सुरुवातीला एका बैठकीत संपेल असं छोटंसंच द्या, आणि तो चालवत असताना मधे मधे नियम काढू नका. चुकीचा फटका दिला तर खा. जेवायच्या सुट्टीत, भरीत-भाकरी वाढताना सांगा काय ते.