बाळाचा विचार करताय? या चुका टाळा

टेस्टवर दोन रेघा दिसल्या की दुसऱ्या दिवसापासून घरात पथ्य सुरू होतं. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण तोवर बराच उशीर झालेला असतो.

जरा कॅलेंडर घेऊन बसा. पाळी १ तारखेला आली, तर गर्भ राहतो साधारण १४-१५ तारखेला. पुढची पाळी २९ तारखेला यायला हवी. ती चुकते, आपण आठवडाभर वाट बघतो, मग टेस्ट, मग डॉक्टरांची वेळ. यात सहा आठवडे सहज जातात. आणि बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत, म्हणजे याच सहा आठवड्यांत, बंद होते. ती नीट बंद व्हायला फॉलिक ॲसिड हे ब जीवनसत्त्व मदत करतं. म्हणून त्याची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधी सुरू करा आणि बारा आठवडे भरेपर्यंत घ्या. मधुमेह असेल, फिट्सचं औषध चालू असेल किंवा आधीच्या बाळाची ही नलिका नीट बंद न झाल्याचा दोष असेल, तर डोस जास्त लागतो. तो डॉक्टरच ठरवतील. आधी घेतली नसेल तर घाबरून जाऊ नका, आजपासून घ्या.

दुसरी चूक फार जपून वागणाऱ्या बायकाच करतात. बाळाला बाधू नये म्हणून थायरॉइडची, बीपीची, फिट्सची गोळी परस्पर बंद करतात. कृपा करून असं करू नका. काही औषधं खरंच बदलावी लागतात. फिट्सचं व्हॅल्प्रोएट, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन त्यातलीच. पण तो बदल गर्भ राहण्याआधी आणि डॉक्टरांना विचारूनच व्हायला हवा. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवा.

तिसरी चूक गरोदरपणातल्या लोहाच्या गोळीची. ती चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको. मध्ये दोन तास जाऊ द्या. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून कित्येकजणी ती सोडतात. तो रंग लोहाचाच असतो. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघा, तरी जमलं नाही तर गोळी बदलून मागा.

‘आता दोन जिवांचं खा’ हा आग्रहही नको. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांक (कॅलरी) जवळजवळ लागतच नाहीत. पुढे रोज साधारण ३४० आणि शेवटच्या तीन महिन्यांत ४५०च्या आसपास लागतात. चालणं सोडू नका, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

आणि नवरा? शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे त्यानंही सिगारेट आणि दारू तेवढी आधी सोडायला हवी. तिच्यासाठी तर दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. शेजारच्या सिगारेटचा धूरही तिच्या श्वासात जातोच.

रक्तस्राव, पाणी जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.