मॉर्मन इतिहास अभ्यासायचा तर आधी अक्षर ओळखा: खानदेशातल्या अभ्यासकासाठी वाटाड्या

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनं बाड उघडून बसणारा माणूस आधी तीन गोष्टी पाहतो. अक्षर कोणाचं, लिहिलं कधी, आणि समोर आहे ती मूळ प्रत की नक्कल. मॉर्मन इतिहासाला हीच सवय लावायची आहे. हा धर्म दोनशे वर्षांचाही नाही. संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म डिसेंबर १८०५ चा. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. १८४४ च्या जूनमध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार केलं. एवढा अलीकडचा काळ असल्यामुळे रोजनिश्या, पत्रं, सभांची इतिवृत्तं, वर्तमानपत्रं असं सगळं ढिगाने मिळतं. अडचण येते ती कुठल्या कागदाला किती वजन द्यायचं ते ठरवताना.

आधी शब्द

पहिला आठवडा फक्त शब्दांना द्या. इथे घाई केली की पुढचा सगळा प्रबंध वाकडा जातो. ‘सेंट’ म्हणजे या पंथात केवळ सभासद. त्याचं ‘संत’ केलंत की मराठी वाचकाला ज्ञानोबा-तुकोबा दिसू लागतात. ‘वॉर्ड’ म्हणजे एका भागातली मंडळी. तिचा ‘बिशप’ बिनपगारी असतो आणि नोकरीधंदा सांभाळून हे काम करतो. अनेक वॉर्डांचा मिळून ‘स्टेक’ होतो. हा शब्द यशयाच्या ग्रंथातल्या तंबूच्या खुंटीवरून आला आहे. ‘एल्डर’ला आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘वडील’ म्हणतात, पण मॉर्मनांत अठरा वर्षांचा मुलगाही एल्डर असतो. ‘टेंपल’ रविवारी बंद असतं. रविवारची उपासना साध्या सभागृहात होते, तर टेंपलमध्ये परवानगी मिळालेले सभासदच जातात. नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळ्यांची ओळख असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्रैक्याची जी शिकवण तिथे ऐकली असेल ती इथे लागू नाही. मॉर्मन पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना तीन वेगळ्या व्यक्ती मानतात.

म्हणून असे शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवा आणि पहिल्या वेळी एका ओळीत अर्थ द्या. बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथातल्या नेफी, लामान, मोझाया, अल्मा, मोरोनी या नावांचं लेखनही एकदाच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

‘मॉर्मन’ म्हणजे नेमकं कोण, हेही नोंदीत स्पष्ट हवं. स्मिथ यांच्या मृत्यूनंतर वारसाहक्कावरून फाटे फुटले. मोठा गट ब्रिगहॅम यंग यांच्यामागे गेला आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसला. त्याचं अधिकृत नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून ‘मॉर्मन’ऐवजी हेच पूर्ण नाव वापरावं असा त्यांचा आग्रह आहे. दुसरा गट १८६० मध्ये स्मिथ यांच्या मुलाभोवती जमला. २००१ पासून त्याचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट आहे. बहुपत्नीत्वाला या दुसऱ्या गटाने कधीच मान्यता दिली नाही. ‘मॉर्मन असं मानतात’ हे वाक्य कुठला गट आणि कुठलं वर्ष हे सांगितल्याशिवाय लिहू नका.

वही कशी आखायची

दोनशे पानी मोठी वही घ्या आणि समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून सात रकाने पाडा: घटना, घटनेची तारीख, लिहिल्याची तारीख, दोन्हींमधलं अंतर वर्षांत, अक्षर कोणाचं, कोणासाठी लिहिलं, आणि मजकूर. संगणकावरचा तक्ताही चालेल, पण पहिला सराव हाताने करा. चौथा रकाना भरताना जे लक्षात येतं ते एरवी येत नाही.

सराव घ्यायचा तो ‘प्रथम दर्शना’वर. स्मिथ यांना तरुणपणी, १८२० च्या सुमारास, रानात प्रार्थना करताना ईश्वरी दर्शन झालं असं त्यांनी सांगितलं. याचे चार वृत्तांत थेट त्यांच्याकडून आलेले आहेत. पहिला १८३२ चा. यातच त्यांचं स्वतःचं अक्षर आहे, काही भाग लेखनिक फ्रेडरिक विल्यम्स यांचा. यात भर पापक्षमेवर आहे आणि ‘प्रभू’ दिसल्याचा उल्लेख आहे. दुसरा नोव्हेंबर १८३५ चा. घरी आलेल्या एका पाहुण्याला सांगितलेली ही हकीकत रोजनिशीत उतरली. त्यात दोन व्यक्ती येतात, शिवाय पुष्कळ देवदूत. तिसरा १८३८ मध्ये सुरू झालेल्या इतिहासातला. कुठला पंथ खरा हा प्रश्न इथे मध्यभागी येतो, आणि पुढे हाच वृत्तांत धर्मग्रंथात गेला. चौथा १८४२ मध्ये एका संपादकाला लिहून छापलेला. चौथ्या रकान्यात आकडे पडतील साधारण १२, १५, १८ आणि २२.

इथे नवखा अभ्यासक दोनपैकी एक चूक करतो. एक तर चारही वृत्तांत मिसळून पाचवी, कोणीच न सांगितलेली गोष्ट तयार करतो. नाही तर फरक दिसला की लबाडी ठरवून मोकळा होतो. दोन्ही टाळा. ऐकणारा बदलला, काळ बदलला की सांगणं कसं बदलतं ते रकान्यांतून दाखवा. दर्शन झालं की नाही याचा निकाल ही वही देणार नाही, आणि तिच्याकडून तो मागूही नये.

मूळ कागदांची छायाचित्रं आणि अक्षरशः उतारे ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. छापील मालिका २००८ ते २०२३ या काळात २७ खंडांत पुरी झाली. उतारा वाचताना खुणा सांभाळा. कोनी कंसातला मजकूर मागून ओळीच्या वर घातलेला, रेघ मारलेला खोडलेला, आणि चौकोनी कंसातला संपादकांचा. उताऱ्याची नक्कल करताना या खुणा गळाल्या तर सगळी मेहनत फुकट जाते. छायाचित्रांच्या फायली जड असतात, तेव्हा लागणारी पानं आधी ठरवून तेवढीच उतरवून घ्या.

ग्रंथाचा पाठ

समर्थांनी सांगावं आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावं ही दासबोधाची परंपरा खानदेशाला जवळची आहे. समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच. बुक ऑफ मॉर्मनही असाच सांगून लिहवलेला ग्रंथ. बराचसा मजकूर एप्रिल ते जून १८२९ मध्ये ऑलिव्हर काउडरी यांनी लिहून घेतला. मार्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावी ५,००० प्रती छापल्या. त्या ३,००० डॉलरच्या खर्चासाठी मार्टिन हॅरिस यांनी शेत गहाण ठेवलं.

पाठाचे थर चार धरा. पहिली हस्तप्रत सांगताना लिहिलेली. ती नॉवू गावच्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवली होती. १८८२ मध्ये काढली तेव्हा ओलीने गळली होती आणि आज साधारण २८ टक्केच उरली आहे. दुसरी मुद्रकासाठी केलेली नक्कल, जवळजवळ पूर्ण. तिसरी १८३० ची छापील प्रत. चौथी १८३७ ची, जिच्यासाठी स्मिथ यांनी मुद्रकाच्या प्रतीवरच दुरुस्त्या केल्या.

आता दोन जागा घेऊन जे थर उरले आहेत ते तपासा. पहिली, १ नेफी ११:१८. १८३० मध्ये मरिया ‘देवाची आई’ आहे, १८३७ मध्ये ‘देवाच्या पुत्राची आई’. दुसरी, मोझाया २१:२८. १८३० मध्ये राजा बेंजामिन, पण कथेत तो त्याआधीच वारलेला आहे. १८३७ मध्ये तिथे मोझाया आला. पहिल्या बदलाला धर्ममताचं स्पष्टीकरण लागतं, दुसऱ्याला कथानकाचं. बहुतांश बदल मात्र व्याकरणाचे आहेत. ‘हजारो बदल’ असा आकडा कुठे दिसला तर आधी ही वर्गवारी करून पाहा.

वचनाचा क्रमांक देताना आवृत्ती लिहायलाच हवी. १ नेफीचे अध्याय १८३० मध्ये ७ होते, आज २२ आहेत. आजचे अध्याय आणि वचनं १८७९ च्या आवृत्तीपासूनची, आणि कम्युनिटी ऑफ क्राइस्टची विभागणी वेगळीच. डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या दुसऱ्या धर्मग्रंथात, म्हणजे मुख्यतः स्मिथ यांना झालेल्या साक्षात्कारांच्या संग्रहात, तर प्रकरणं बदललीही आहेत. १८३५ मध्ये त्यात एकपत्नीत्व सांगणारं प्रकरण होतं. १८७६ मध्ये ते काढलं आणि बहुपत्नीत्वाचं प्रकरण १३२ घातलं. आजची प्रत हातात घेऊन १८३५ विषयी लिहिणाऱ्याला हे दिसतच नाही.

वाचनाचा क्रमही ठरवावा लागतो. १८२८ मध्ये हॅरिस यांनी घरी नेलेली, ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागाची ११६ पानं गहाळ झाली आणि ती पुन्हा लिहिली गेली नाहीत. बहुतेक अभ्यासक मानतात, की त्यानंतर काम मोझायापासून पुढे चाललं आणि सुरुवातीची पुस्तकं शेवटी लिहवली गेली. म्हणून भाषा किंवा कल्पना कशी वाढली हे पाहायचं असेल तर मोझाया ते मोरोनी आधी वाचा, मग १ नेफीकडे वळा. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्याची आणि आठवणीतून पुन्हा जुळवल्याची महानुभावांची परंपरा ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रश्न चटकन कळेल. तुलना पाठाच्या प्रवासापुरतीच ठेवा. श्रीचक्रधरस्वामी आणि स्मिथ यांच्या शिकवणीची सांगड घालायला गेलात तर दोन्हीकडे अन्याय होईल.

यशयाचे उतारे ताडताना मराठी बायबल उपयोगाचं नाही. २ नेफी १२ ते २४ म्हणजे यशया २ ते १४, आणि तिथली भाषा इंग्रजी किंग जेम्स भाषांतराची आहे. तेच शेजारी ठेवा. शब्दार्थासाठी वेबस्टरचा १८२८ चा कोश वापरा. ‘क्युरियस’ म्हणजे तेव्हा कुशलतेने घडवलेलं असाही अर्थ होता. आजच्या अर्थाने वाचलं तर वाक्य भलतीकडे जातं.

फसवणारी साधनं

सर्वांत जास्त घसरण होते ती सात खंडांच्या ‘हिस्ट्री ऑफ द चर्च’मध्ये. तो प्रथमपुरुषी आहे. वाचताना स्मिथ स्वतः बोलताहेत असंच वाटतं. प्रत्यक्षात बराच भाग त्यांच्या मृत्यूनंतर कारकुनांनी जुळवला, आणि इतरांच्या रोजनिश्यांतला ‘तो’ बदलून ‘मी’ केला. यातलं कुठलंही वाक्य स्मिथ यांच्या तोंडी घालण्याआधी त्यामागची रोजनिशी शोधा. सापडली नाही तर ‘मागाहून संकलित’ असं रकान्यात लिहा.

‘जर्नल ऑफ डिस्कोर्सेस’ हे प्रवचनांचे २६ खंड १८५४ ते १८८६ या काळात निघाले. प्रवचनं लघुलिपीत टिपली आणि छापताना संपादित झाली. मूळ लघुलिपीचा काही भाग आता वाचला गेला आहे आणि छापील मजकुराशी त्याचे फरक दिसतात. ब्रिगहॅम यंग यांचं एखादं धारदार वाक्य उचलायचं असेल तर हे तपासून घ्या.

१९८०-८६ मधल्या लेखांना वेगळी खूण करा. मार्क हॉफमन याने या काळात बनावट कागद विकले, त्यांत गाजलेलं ‘सॅलमँडर पत्र’ही होतं. बिंग फुटू नये म्हणून ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने बॉम्ब ठेवले, त्यांत दोघांचा जीव गेला. १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तोवर चांगल्या अभ्यासकांनीही हे कागद खरे धरून लिहिलं होतं.

टेंपलमधल्या विधींचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण वगैरे वापरू नका. सभासद ते पवित्र मानतात. संस्कृतीच्या अभ्यासाला उघड साधनं भरपूर आहेत. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रिलीफ सोसायटी या बायकांच्या संस्थेची इतिवृत्तं आहेत, आणि १८७२ ते १९१४ चाललेलं ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे बायकांचं पत्र आहे. ते वाचलं की बहुपत्नीत्वाचा कैवार घेणाऱ्या बायकाच मताधिकारासाठी भांडत होत्या हे दिसतं, आणि आपली ठरीव मतं हलतात.

इथून करता येण्याजोगा विषय

एम. ए. च्या लघुप्रबंधाला दर्शन किंवा सुवर्णपत्रे (ज्यांवरून बुक ऑफ मॉर्मन भाषांतरित केलं असं स्मिथ यांनी सांगितलं) असले अफाट विषय घेऊ नका. कायद्याचा धागा चांगला, कारण त्याचं एक टोक भारतात आहे. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्मन बहुपत्नीत्वाला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. पत्नीने पतीच्या चितेवर जळणं धर्म मानलं तर सरकारने ते रोखू नये काय, असा दाखला निकालातच आहे. १८९० च्या डेव्हिस विरुद्ध बीझन खटल्यात न्यायालयाने धर्माची व्याख्या केली. त्याच वर्षी मॉर्मन अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी बहुपत्नीत्व थांबवण्याचा जाहीरनामा काढला. आणि १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात ती डेव्हिसची व्याख्या अपुरी ठरवली, धर्मात आचार-विधीही येतात असं म्हटलं. तीन निकाल मिळून काही शे पानंही होत नाहीत, आणि शिरूर मठाच्या निकालासाठी जळगाव-धुळ्याच्या विधी महाविद्यालयात निकालसंग्रह विचारा.

दुसरा विषय ह्यू फिंडले यांचा. हे मॉर्मन धर्मप्रचारक १८५२ मध्ये मुंबईला आले आणि पुढे पुण्यातही काम केलं. त्यांच्या नोंदी आणि तेव्हाची मुंबईची वर्तमानपत्रं समोरासमोर ठेवता येतील. ते खानदेशात आले होते असं मात्र गृहीत धरू नका.

विषय ठरवण्याआधी शोधगंगेवर प्रबंधांची यादी पाहा. जळगावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकांची सोय विचारा. ‘डायलॉग’ या मॉर्मन विषयांवरच्या, १९६६ पासूनच्या नियतकालिकाचे जुने अंक जालावर खुले आहेत. सॉल्ट लेक सिटीतल्या ग्रंथपालाला लिहायचं तर एका पत्रात एकच प्रश्न, कागदाचा संग्रह क्रमांक आणि पान यांसह. ते शहर आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा तास मागे आहे. रात्री नऊला पाठवलेलं पत्र त्यांच्या सकाळी कचेरी उघडण्याच्या सुमारास पोचतं.