उन्हाळी कलिंगड: मल्चिंगची चंदेरी बाजू वरच का?

जानेवारी-फेब्रुवारीत कलिंगड, खरबूज लावणाऱ्यांनी मल्चिंग पेपर, म्हणजे जमीन झाकणारा प्लास्टिकचा कागद, अंथरण्याआधीच मजुरांना बजावून ठेवावे: चंदेरी बाजू वर, काळी खाली. घाईत एखाद्या बेडवर (गादीवाफ्यावर) कागद हमखास उलटा पडतो.

काळी बाजू तण दाबते. चंदेरी बाजू किडीसाठी असते. माणसाची नजर प्रकाशाच्या साधारण ४०० नॅनोमीटर तरंगलांबीला, जांभळ्या रंगाशी थांबते. मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांना त्याखालचे अतिनील किरणही दिसतात. हे किरण येतात आभाळातून. माती आणि हिरवी पाने ते बरेचसे शोषून घेतात. उडत आलेली कीड याच फरकावरून वरखाली ओळखते आणि उतरायची जागा शोधते. चंदेरी कागद तेच किरण खालून परत फेकतो. कीड गोंधळते आणि बरीचशी पुढे निघून जाते. पहिल्या महिन्यात याचे मोल मोठे, कारण फुलकिड्यांनी रस शोषल्याने होते त्याहून अधिक नुकसान त्यांनी आणलेल्या विषाणूमुळे होते, आणि विषाणू लागलेल्या वेलावर औषध नाही.

वेलांनी कागद झाकला की हा परिणाम ओसरतो. धुळीने माखलेला कागदही फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून पिवळे, निळे चिकट सापळे सुरुवातीपासूनच लावावेत.

दुकानात ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ वाचून फसू नका. त्याचा अर्थ प्लास्टिक उन्हात लवकर फाटत नाही, इतकाच. पॉलिहाउससाठी अतिनील किरण अडवणारी फिल्म मिळते, ती वेगळी. तिच्याखाली पांढरी माशी कमी शिरते, पण मधमाशीलाही हेच किरण लागतात. तिची नजर साधारण ३०० ते ६५० नॅनोमीटरपर्यंत; लाल तिला दिसत नाही, अतिनील मात्र दिसतो, आणि कित्येक फुलांवर त्याच रंगात मधाकडे नेणाऱ्या खुणा असतात. त्यामुळे परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या जातींनाच ही फिल्म निर्धास्त वापरावी.

कलिंगडाचे तसे नाही. नर आणि मादी फुले वेगळी, मधमाशी फिरली नाही तर फळ धरत नाही किंवा वाकडे होते. मादी फुले दिसू लागताच क्रॉप कव्हर (रोपांवर घातलेले कापडी आच्छादन) काढा, मधपेट्या आणून ठेवा. फुले सकाळी उमलतात, त्या वेळी पंप खांद्यावर घेऊ नका. फवारणी टाळताच येत नसेल तर सायंकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करा.