एका निवाऱ्यातून दुसऱ्या निवाऱ्यात: दुर्गम डोंगरातला मुक्कामी ट्रेक कसा करावा

वर छप्पर मिळणार, तंबू वाहायला नको, म्हणून निवाऱ्यांमधला ट्रेक सोपा समजला जातो. मला तो तंबूच्या ट्रेकपेक्षा काटेकोर वाटतो. तंबू पाठीवर असेल तर पाय बोलायला लागले की सपाट जागा बघून थांबता येतं. निवारा मात्र आपल्यासाठी चार पावलं पुढे येत नाही, तिथवर पोचावंच लागतं. आणि ‘पोचायचंच’ हा हट्ट धरल्यावरच माणसं अंधारात चालतात, फुगलेल्या ओढ्यात उतरतात. म्हणून तयारी करताना स्वतःला विचारत राहा: आज पुढचा निवारा गाठता आला नाही तर काय?

आधी वेळेचा हिशेब

नकाशावरचं अंतर फसवं असतं, कारण त्यात चढ दिसत नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक आडाखा मांडला, तो आजही वापरात आहे. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा अंतर १५ किलोमीटर आणि एकूण चढ ९०० मीटर आहे. तीन तास अधिक दीड तास, म्हणजे साडेचार तास. पण यात विश्रांती, जेवण, वाट शोधणं काहीच धरलेलं नाही. पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल तर मी हे उत्तर सरळ दीडपट करायला सांगेन: पावणेसात तास. सकाळी सातला निघालात तर पावणेदोनला पोचाल, आणि एखादा ओढा ओसरायची वाट बघावी लागली तरी उजेड हाताशी राहील.

याच वेळी ‘परतीची वेळ’ ठरवून कागदावर लिहा. अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर मागच्या निवाऱ्याकडे वळायचं. हा निर्णय घरी, शांत डोक्याने घ्यावा. दमलेला माणूस तो नीट घेऊ शकत नाही.

निवाऱ्याची चौकशी

काही निवाऱ्यांत गाद्या, शेगडी, रखवालदार असतो, तर काहींत चार भिंती आणि लाकडी फळ्या. आरक्षण लागतं का, दार कुलूपबंद असतं का, पाणी कुठून भरायचं, उन्हाळ्याच्या शेवटी ते आटतं का, हे ज्यांच्या ताब्यात निवारा आहे त्यांनाच विचारा.

मग घरच्या किंवा भरवशाच्या एका माणसाकडे लेखी ठेवा: कोणती वाट, कोणते निवारे, सोबत कोण, कधी परतणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची. ‘रविवारी येतो’ एवढं पुरत नाही.

सॅकमध्ये काय

निवारा मिळणारच असं धरलं तरी स्लीपिंग बॅग आणि एक रात्र उघड्यावर निभावेल असं आपत्कालीन आवरण प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवं. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वारा असेल तर गारठा आणखी झोंबतो. सुती कपडे टाळा. ते भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. लोकर किंवा सिंथेटिक थर, वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. झोपायचे कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि चालताना कितीही भिजलात तरी ते बाहेर काढू नका.

हेडटॉर्च, जादा सेल, कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी, प्रथमोपचार आणि एका दिवसाचा जादा शिधा. मोबाइलची रेंज नसलेल्या भागात पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे संकटात मदत मागायचं छोटं यंत्र, सोबत असावा. तो ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला संदेश देतो.

वाटेतला ओढा

इथे घाई अजिबात नको. आधी पाणी बघा. ते गढूळ आहे का, त्यातून फांद्या वाहताहेत का, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येतोय का? यातलं एक जरी असेल तर उतरू नका. काठी टाकून बघा. ती तुमच्या चालण्यापेक्षा वेगाने गेली तर प्रवाह तुम्हालाही नेईल. पात्र रुंद आणि उथळ असेल तिथली जागा निवडा, आणि खाली धबधबा किंवा अडकलेली झाडं नाहीत हे पाहून घ्या. बूट घालूनच उतरा. सॅकचा छातीचा पट्टा सोडा, कमरेचं बकल एका हाताने सुटतंय याची खात्री करा. गट असेल तर एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाला समांतर ओळ करा, सगळ्यात दणकट माणूस वरच्या बाजूला.

पाऊस थांबला की लहान ओढे बहुधा काही तासांत उतरतात. बर्फाच्या पाण्याचे ओढे दुपारनंतर चढतात, ते सकाळीच ओलांडा.

निवाऱ्यात पोचल्यावर

पहिलं काम, तिथल्या नोंदवहीत नाव आणि पुढची वाट लिहा. मुक्काम करणार नसाल तरी लिहा, शोधपथक सगळ्यात आधी तीच वही उघडतं. ओले कपडे लगेच बदला. स्टोव्ह पेटवताना खिडकी उघडी ठेवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. खाऊ उंदरांच्या तावडीत सापडणार नाही असा टांगा. शौचालय नसेल तर पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा.

सकाळी निघताना फरशी झाडा, वापरलेलं सरपण भरून ठेवा, कचरा बरोबर घ्या. मग बाहेर येऊन आभाळ आणि गटातला सगळ्यात दमलेला माणूस, दोन्ही नीट बघा. शंका वाटली तर तिथेच थांबा, जादा शिधा त्यासाठीच आणलेला असतो. आणि खाली उतरल्यावर, जेवायला बसण्याआधी, ज्यांच्याकडे कागद ठेवला होता त्यांना फोन करा.