मुठीत धरला की गिअर चुकतो

सतरा वर्षं झाली, नागपुरात लोकांना गाडी शिकवतो. माझी जागा डावीकडच्या सीटवर, पायाशी माझा वेगळा क्लच आणि ब्रेक. कोणाचा गिअर कुठे अडणार हे आता आवाजावरूनच कळतं.

सगळ्यात जास्त माणसं दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फसतात. दांडा गच्च मुठीत धरतात, आपल्याकडे ओढत वर ढकलतात आणि पडतो पाचवा. गाडी लागते थरथरायला. घरी एक करून बघा. गाडी बंद, हॅंडब्रेक वर, क्लच दाबा. दुसऱ्यातून दांडा न्यूट्रलला आणा आणि हात काढून घ्या. तो आपोआप मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्याच्या समोर येऊन उभा राहतो, कारण आत स्प्रिंग असते. मग तिसऱ्यासाठी तुम्ही वळवायचं कशाला? उघड्या तळव्यानं सरळ पुढे लोटा. पहिल्या-दुसऱ्याला मात्र तळवा डावीकडे करून दांडा बाहेरच्या बाजूला दाबून धरावा लागतो. रिव्हर्सची जागा गाडीगणिक वेगळी, ती आधी बघून ठेवा.

खरखर आवाज आला की लोक हाताला दोष देतात. बहुतेक वेळा क्लच तळापर्यंत गेलेलाच नसतो. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. आणि मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना, घामानं ओली चप्पल पेडलवरून सटकते. बूट घाला बाप्पा!

पहिल्यात क्लच सोडताना एका जागी इंजिनचा आवाज बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय क्षणभर थांबवा, मग अॅक्सिलरेटर. साधारण 15 च्या वेगाला दुसरा, 25-30 ला तिसरा. गिअर पडला की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. लायसन्सच्या टेस्टमधला आठचा आकडा पहिल्यातच काढा, स्टिअरिंग वळलेलं असताना दांड्याला हात लावू नका.

चढावर थांबून गाडी मागे न घरंगळता पुन्हा काढणं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या टेस्टबद्दलच्या 15 व्या नियमातच आहे. सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे सराव करा. हॅंडब्रेक ओढा, पहिला टाका, क्लच त्या आवाज बसणाऱ्या जागेपर्यंत आणा, थोडा अॅक्सिलरेटर, मगच हॅंडब्रेक खाली.

थांबताना आधी ब्रेक. वेग 10 च्या आसपास आला की क्लच. लांबूनच न्यूट्रल करून गाडी सोडून देणं मला अजिबात चालत नाही.

मी स्वतः पहिल्या टेस्टला नापास झालो होतो, सांगायला लाज कायची? तिसऱ्यात येऊन थांबलो आणि तिसऱ्यातच गाडी काढायला गेलो. एक धक्का, गाडी बंद. साहेब काही बोलले नाहीत, कागदावर रेघ मारली. पुन्हा सात दिवसांनी या.

तेव्हापासून गाडी थांबली की माझा हात आधी दांड्याकडे जातो. तुम्हीही टेस्टला बसलात की क्लच दाबा, दांडा डावी-उजवीकडे हलवून बघा. मोकळा डुलला की न्यूट्रल. मग किल्ली.