जुन्या गाडीचा टेंपरेचर मीटर बिघडल्यास दोष कसा शोधावा

गाडी साठ-सत्तरच्या दशकातली असेल आणि टेंपरेचरचा काटा जागचा हलत नसेल किंवा किल्ली फिरवताच थेट ‘एच’वर (गरम) जाऊन बसत असेल, तर बहुतेक जण पहिल्यांदा मीटरच बदलायला निघतात. प्रत्यक्षात मीटर हा या सगळ्या साखळीतला सर्वांत कमी बिघडणारा भाग असतो आणि बहुधा सर्वांत महागही. दोष बऱ्याचदा वायर, अर्थ (बॉडीशी असलेली विजेची जोडणी), सेंडर (इंजिनात बसून तापमान मीटरला कळवणारा भाग) किंवा स्टॅबिलायझर (मीटरना ठरावीक दाबाची वीज देणारा भाग) यांपैकी कशात तरी असतो. येथे इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार डोळ्यांसमोर ठेवली आहे. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन हे एमजीबीच्या इंजिनाच्याच घराण्यातले. तपासणीची रीत मात्र त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते.

सुरुवात मीटरपासून न करता इंजिनापासून करावी, कारण काटा खोटे सांगतो आहे असे गृहीत धरून खरोखर तापलेले इंजिन पळवत राहणे फार महागात पडते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनाचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. पातळी खाली गेली असेल, तर सेंडर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत राहतो आणि आत इंजिन उकळत असतानाही काटा निवांत खाली पडून राहू शकतो. त्यानंतर इंजिन चालू करून ते पुरते तापू द्यावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घराचे तापमान मोजावे. हे घर चकचकीत ॲल्युमिनियमचे असेल, तर थर्मामीटर खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल, तर त्याच्या आसपासचा आकडा यायला हवा. तसा तो आला, तर इंजिन निर्दोष आहे आणि आता मीटरकडे वळायला हरकत नाही.

मीटर कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे. एमजीबीमध्ये वेगवेगळ्या काळात दोन्ही जाती वापरल्या गेल्या. मीटरच्या पाठीमागून वायरऐवजी बारीक धातूची नळी निघून इंजिनापर्यंत गेली असेल, तर तो कॅपिलरी मीटर होय. त्याला विजेशी काही देणेघेणे नसते. इंजिनाच्या हेडवरील पितळी सेंडरला एकच वायर जोडलेली असेल, तर मीटर विजेवर चालणारा आहे.

विजेच्या मीटरच्या बाबतीत प्रथम पेट्रोलच्या काट्याकडे पाहावे. साठच्या दशकाच्या मध्यापासून अनेक ब्रिटिश गाड्यांत दोन्ही मीटरना सरासरी १० व्होल्ट देणारा एकच स्टॅबिलायझर असे. म्हणून दोन्ही काटे एकाच वेळी मेले असतील किंवा दोन्ही जास्त दाखवत असतील, तर संशय स्टॅबिलायझरवरच घ्यावा. त्याचा अर्थ तुटला, की आतले संपर्क उघडेनासे होतात आणि मीटरना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. तेव्हा नवा घेण्याआधी त्याच्या स्क्रूखालचा गंज खरवडून काढावा. जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलायझरच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लावला, तर तो थोड्या वेळाने लुकलुकू लागतो. अखंड पेटत राहिला किंवा पेटलाच नाही, तर दोष सापडला असे समजावे. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मात्र स्थिर १० व्होल्ट देतो, तो मल्टिमीटरने मोजावा.

केवळ टेंपरेचरचाच काटा चुकत असेल, तर इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढावी. काटा ‘सी’कडे (थंड) उतरला पाहिजे. तो वरच राहिला, तर मीटरपर्यंतची वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. नंतर वायरचे टोक क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावे. काटा चढू लागेल. या मीटरमधली पट्टी तापून वाकते, तेव्हाच काटा हलतो, त्यामुळे त्याची चाल सावकाश असते. पण म्हणून वायर धरून बसू नये, काटा मधली खूण ओलांडताच ती काढावी, नाहीतर चांगला मीटर जळायचा. काटा असा चढला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत आणि दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे.

अर्थचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण मी स्वतः नवा सेंडर बसवताना गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती आणि नंतर दोन रविवार मीटर खोलण्यात घालवले. सेंडरला अर्थ त्या आट्यांमधूनच मिळतो. आटे स्वच्छ असावेत आणि टेप नसावी.

सेंडर बाहेर काढला असेल, तर तो पातेल्यातल्या पाण्यात, वरचे टर्मिनल कोरडे राहील असा, तारेने लोंबकळत ठेवावा. मल्टिमीटरचे एक टोक पितळी अंगाला आणि दुसरे टर्मिनलला लावून पाणी तापवावे. तापमान वाढेल तसा रोध सलग उतरत गेला पाहिजे. तो मध्येच उड्या मारू लागला किंवा मुळीच हलला नाही, तर सेंडर गेला. पाणी उकळले म्हणजे १०० अंश झाले असे मात्र धरू नये, पुण्याच्या उंचीवर ते साधारण ९८ अंशांनाच उकळते. नवा सेंडर घेताना तो आपल्याच मीटरच्या जोडीचा आहे ना, हे पाहावे. आटे जुळले तरी रोध वेगळा असेल, तर काटा कायम चुकत राहतो.

कॅपिलरी मीटरची नळी इथरने भरलेली असते. नळी कुठे चिरली, की इथर उडून जाते आणि काटा कायमचा खाली बसतो; हे काम घरी होत नाही, ते मीटर दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. टोकाचा बल्ब हेडमध्ये घट्ट बसला असेल, तर घाई नको: गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि नट फिरवताना नळी पिळत नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवावे. नळीला तीव्र वाक देऊ नये.

सर्व जोडून झाल्यावर कूलंट भरून त्यातली हवा निघू द्यावी. मग त्याच काळ्या टेपवर पुन्हा थर्मामीटर धरून, ८२ अंशांना काटा जिथे उभा राहतो, तिथे मीटरच्या काचेवर बारीक खूण करून ठेवावी.