जळलेला नाही म्हणून चांगला? फायरकोटाबाबत या चुका टाळा

कोट जळला तरच खराब होतो, हा समज अग्निशमन दलातून काही केल्या जात नाही. किट तपासताना मी जे कोट बाद करतो त्यातल्या बहुतेकांना ना भोक असतं, ना जळल्याचा डाग. उष्णतेने ते आतून संपलेले असतात, आणि घालणारा मात्र छातीठोकपणे सांगत असतो की कोट एकदम ठणठणीत आहे.

नजरेने कोट पास करणे

ही सगळ्यात मोठी चूक. कोटाच्या तीन थरांपैकी बाहेरचा थर बहुधा अरामिडचा, म्हणजे धग सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असतो, कधी त्यात पीबीआय या तशाच दुसऱ्या धाग्याचे तंतू मिसळलेले असतात. अरामिड वितळत नाही, ज्योत बाजूला झाली की जळत राहत नाही. मेटा-अरामिड या त्याच्या नेहमीच्या प्रकाराचं विघटन साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतं. नवी पोरं हा आकडा पाठ करतात आणि त्याच्या खाली सगळं सुरक्षित, असं धरून चालतात. तसं नाही. त्याहून बऱ्याच कमी तापमानात कापड पुन्हा पुन्हा तापत राहिलं, तरी तंतूंमधल्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. ताकद आधी जाते, रंग नंतर बदलतो. आणि हे नुकसान साठत जातं. कोट महिनाभर खुंटीवर टांगून ठेवला म्हणून गेलेली ताकद परत येत नाही.

एका प्रशिक्षकाचा कोट माझ्याकडे आला होता. पेटवलेल्या कंटेनरमध्ये नव्या तुकड्यांना आगीचं वागणं दाखवणं हे त्यांचं रोजचं काम. अशा लोकांच्या किटला ठाण्यावरच्या जवानापेक्षा कितीतरी जास्त वेळा उष्णतेचा मार बसतो. कोट स्वच्छ होता, चमकत्या पट्ट्या जागच्या जागी, रंग जरासा उतरलेला. "सही करून टाका साहेब, दुपारी बॅच आहे," असा त्यांचा लकडा चालला होता. मी खांद्यावरचं कापड दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणलं, तर ते जुन्या वर्तमानपत्रासारखं टरकन फाटलं. अस्तर उघडलं तेव्हा नेमकं त्याच जागी आतल्या, पाणी अडवणाऱ्या पडद्याच्या शिवणीवरची टेपही सुटलेली दिसली. हा योगायोग नव्हता. श्वसनयंत्राचे पट्टे खांद्यावर कोट दाबून धरतात, थरांमधली हवा निघून जाते आणि उष्णता तिथूनच सरळ आत उतरते. त्या दुपारी ते दुसऱ्या कोटात गेले.

माझी सवय सांगतो. कोट रिकामा, टेबलावर, भरपूर उजेडात. खांदे, हातांची कोपरं आणि बाहीची टोकं अंगठ्यांनी ताणून बघायची. मग खिशाच्या झाकणाखालचं, ऊन आणि धग न लागलेलं कापड शोधायचं आणि त्याच्याशी रंग, लवचीकपणा ताडून बघायचा. यात पास झालेला कोट चांगला असेलच असं नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. नापास झालेला मात्र नक्की गेलेला असतो.

अस्तर कधीच न उघडणे

तीन थरांतला मधला पडदा, म्हणजे पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा, हा बहुतेक वेळा सगळ्यात आधी हार मानतो. बाहेरून तो दिसतच नाही. त्यावर चिरा पडल्या, पापुद्रे सुटले की पाणी आत शिरतं, आणि तापलेल्या ओल्या अस्तराची वाफ भाजते. सहा भाग पाण्यात एक भाग रबिंग अल्कोहोल मिसळा, पडद्याची बाहेरची बाजू वर करून त्यावर वाटीभर ओता, तीन मिनिटं थांबा आणि खालचं अस्तर चाचपा. ओल लागली तर पडदा गेला. नंतर अस्तर धुवायला विसरू नका. एवढ्याशा कामाला "वेळ नाही" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

घाईत वाळवणे

आगीने केलं नसेल ते नुकसान वाळवताना होतं. हीटरवर पसरलेले, गरम ड्रायरमध्ये कोंबलेले, दिवसभर कडक उन्हात टांगलेले कोट मी सारखे बघतो. पॅरा-अरामिड या अरामिडच्या जास्त मजबूत प्रकाराला अतिनील किरण अजिबात सोसत नाहीत, उन्हात त्याची ताकद झपाट्याने उतरते. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या १८५१ क्रमांकाच्या मानकात (ते आता १८५० मध्ये सामावलं आहे) धुण्याचं पाणी आणि वाळवणं दोन्हींसाठी मर्यादा साधारण ४० अंश सेल्सिअस ठेवली होती. अस्तर वेगळं करा, रुंद हँगरवर सावलीत टांगा, पंखा लावा. वेळ लागतो. लागू द्या, आणि तोवर घालायला दुसरा संच ठेवा. ओला कोट तसाच चढवून पुन्हा आगीत जाण्याला शौर्य म्हणत नाहीत.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

क्लोरीनवालं ब्लीच: अरामिड खातं. कधीच नको.

काजळी मिरवणे: काळा कोट म्हणजे अनुभवी जवान, असं मानणारे अजून आहेत. काजळी उष्णता जास्त शोषते, तिच्यातले तेलकट अंश पेट घेतात आणि त्यातली विषारी रसायनं अंगाला लागतात.

आत पॉलिस्टरचा टी-शर्ट: तो साधारण २५० अंशांच्या पुढे वितळून कातडीला चिकटतो.

चमकत्या पट्ट्या दिवसा तपासणे: तापलेली पट्टी दिवसा छान दिसते, अंधारात परतीचा प्रकाश देत नाही. रात्री टॉर्च डोळ्यांजवळ धरून लांबून बघा.

दहा वर्षांची हमी समजणे

त्याच एनएफपीए १८५१ मानकात कोटाची १० वर्षांची कमाल मर्यादा दिली होती, आणि ती उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. लोक हातात मिळाल्या दिवसापासून मोजतात, गोदामातली वर्षं सोडून देतात. शिवाय ही कमाल आहे. रोज आगीत उतरणारा कोट त्याच्या कितीतरी आधी संपू शकतो. अमेरिकेच्या मानकांप्रमाणे नव्या कोटाचं उष्णतारोधक मूल्य (टीपीपी) किमान ३५ असावं लागतं. म्हणजे चौरस मीटरला ८४ किलोवॅट इतक्या भडक्यात दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुरू व्हायला जेमतेम साडेसतरा सेकंद. हे नव्या, कोरड्या, स्वच्छ कापडाचं गणित आहे.

बाद कोट शिकाऊ पोरांना देणे

"सरावच तर आहे" म्हणून बाद झालेले कोट नव्या भरतीला घालायला देतात. सरावातली आग खरीच असते आणि ती पोरं अजून धग ओळखायला शिकलेली नसतात. होज ओढण्याच्या, शिडीच्या कोरड्या सरावाला बाद कोट द्यायचा असेल तर पाठीवर मोठ्या अक्षरात "आगीसाठी नाही" लिहा. बाकीच्यांच्या बाह्या मी स्वतः कात्रीने कापतो, कारण नुसता शिक्का मारलेला कोट कुणी ना कुणी परत खुंटीवर आणून टांगतंच.